तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन मूळचं नाही हे पहिल्याच ओळीत का लिहिलं

गाडी विकायला काढल्यापासून एकच प्रश्न येतोय, फोनवर पण आणि मंडळाच्या गणपतीत भेटलेल्यांकडून पण, की अहो एवढी खपून १९६३ची कॉर्व्हेट, शेवरोलेची स्पोर्ट्स कार, उभी केलीत, तो रिव्हरसाइड रेड रंग बघून माणूस जागच्या जागी थांबतो, मग जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत 'इंजिन मूळचं नाही' कशाला? बघायला आला की सांगायचं ना.

किंमत पडते, चांगलीच पडते. तरी लिहिलं.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. १९६३ हे कॉर्व्हेटच्या स्टिंग रे मॉडेलचं पहिलं वर्ष, आणि कूपेच्या, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीच्या, मागच्या काचेत मधोमध दांडा, काच दोन भागात, हे फक्त त्याच एका वर्षी. डिझाइनचे बिल मिचेल त्या दांड्यासाठी हटून बसले होते, इंजिनिअर झोरा आर्कस-डन्टोव यांना तो नकोच होता कारण मागचं नीट दिसत नाही, आणि १९६४ला तो गेलाच. चालवताना मला डन्टोव यांचं पटतं पण गाडी नुसती उभी असली की मिचेल यांचंच बरोबर वाटतं. अशा कूपे बनल्या १०,५९४. शोधणारे त्याहून किती तरी जास्त, म्हणून पैसा आला, आणि पैशामागे खोटेपणा.

तो होतो कुठे, तर इंजिन ब्लॉकवर. प्रवाशाच्या बाजूच्या सिलेंडर हेडच्या पुढ्यात एक छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात, तिच्यावर दोन ठसे. एक मिशिगनमधल्या फ्लिंटच्या इंजिन कारखान्यातला: फ्लिंटचा एफ, मग महिना आणि तारीख, मग दोन अक्षरं, आरडी असेल तर ३०० हॉर्सपॉवरचं मॅन्युअल गिअरवालं, आरएफ असेल तर ३६०चं फ्युएल इंजेक्शनवालं. दुसरा सेंट लुईसला गाडी जोडताना मारलेला, गाडीच्या सिरियल नंबरचा. तो गाडीच्या प्लेटशी जुळला की नंबर्स मॅचिंग, आणि किंमत वर. आता इंजिन रिबिल्ड करताना मशीन शॉपमधे ब्लॉकचा वरचा भाग घासून सपाट करतात, त्यात ठसे जातात, आणि मग कोणीतरी हवे ते नंबर नव्याने ठोकतो. कारखान्याच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा पॅडवर असतात, त्या गायब असल्या की शंका घ्यावी, पण हल्ली रेघा पण नकली काढतात. म्हणून ब्लॉकच्या मागच्या कडेवरची कास्टिंगची तारीख बघायचीच, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळलं, मग गाडी बनली, हा क्रम उलटा होऊच शकत नाही.

माझ्या गाडीत इंजिन ३२७च, म्हणजे ३२७ क्युबिक इंचाचंच, आहे, पण कास्टिंग गाडी बनल्यानंतरचं. म्हणजे मूळचं कधीतरी गेलं. त्यात नवल काही नाही हो, स्पोर्ट्स कार होती, लोकांनी दामटली, रेसला नेली, इंजिन बसलं की दुसरं टाकलं, साठ वर्षांनी कोण नंबर बघणार आहे हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. मला त्यात गाडीचा काही कमीपणा वाटत नाही. लपवणं मात्र फसवणूक आहे, आणि 'आल्यावर सांगू' हे पण मला पटत नाही, माणूस ओहायोतून रजा टाकून, ट्रेलर जोडून येतो, गाडीवर जीव जडल्यावर त्याला खरं सांगून काय उपयोग.

आणि खरं सांगू, माझ्या मते नंबरपेक्षा मोठी गोष्ट बर्डकेज. बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त असतात, पण आत विंडशील्डच्या चौकटीपासून दाराच्या खांबांपर्यंत लोखंडी सांगाडा आहे आणि इथे मिशिगनला हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. वरून रंग चकचकीत आणि आतला पत्रा पापडासारखा झालेला, अशा गाड्या मी बघितल्यात. पायाशी दाराच्या बिजागरीकडे किक पॅनल असतं ते काढा, टॉर्च मारा, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टणक लागलं तर पुढचं बोला. गंजाचा भुगा पडायला लागला तर पॅनल परत लावा आणि घरी जा, नंबर कितीही मॅचिंग असू देत. आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा तिथेच गेला, विंडशील्डच्या खालचे दोन्ही कोपरे सडले होते, ते कापून नवीन पत्रा वेल्ड केला, आणि सगळं झाकायच्या आधी एकेका जोडाचे फोटो काढून ठेवले. जाहिरातीत पॅडच्या फोटोनंतर लगेच तेच आहेत, लाल गाडीचे त्यानंतर.

ज्यांना एनसीआरएसच्या, म्हणजे जुन्या कॉर्व्हेट मूळ रूपात जपणाऱ्यांच्या संस्थेच्या, जजिंगमधे मूळ ब्लॉकचे पूर्ण मार्क हवेत त्यांनी दुसरी बघावी, फोनवर पण मी हेच सांगतो. चालवायला हवी असेल तर जरूर या, लिफ्टवर चढवून देतो, तुमचा मेकॅनिक सोबत आणा, किक पॅनल मी आधीच काढून ठेवीन.