दोन मिनिटं जिभेखाली: माझा ॲलर्जीचा अनुभव

सहा वर्षं माझी सकाळ शिंकांनीच सुरू व्हायची, एकदा लागल्या की पंधरा-वीस, मग नाक गळणं, डोळे चोळून लाल, आणि रात्री सिट्रिझिनची, म्हणजे ॲलर्जीची गोळी घेऊन झोपायचं. सिडकोत आमचं घर तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, तेव्हा तर विचारूच नका. मी इतकी वर्षं शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या गाजरगवताला दोष देत होते.

शेवटी कॉलेज रोडला एका ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले. टेस्टच्या आधी आठवडाभर गोळी बंद, तो आठवडा कसा काढला माझं मला माहीत. हातावर पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब आणि सुईने हलकंसं टोचलं. एक थेंब हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीरात सुटणारं, खाज आणणारं रसायन), एक नुसत्या सलाईनचा, तुलनेसाठी. वीस मिनिटांत धुळीतल्या माइटच्या (गादी-उशांत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा) आकड्यापाशी डास चावल्यासारखी ही मोठी गांध! गाजरगवताच्या जागी काहीच नाही. म्हणजे दुखणं प्लॉटमध्ये नव्हतंच, माझ्या गादीत होतं.

डॉक्टर म्हणाले गोळी फक्त त्रास दाबते, जिभेखाली घ्यायच्या औषधाच्या थेंबांनी शरीराला त्याच माइटची हळूहळू सवय करायची, पण किमान तीन वर्षं. पहिला डोस त्यांच्यासमोर घेतला आणि अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं. नंतर रोज घरी. सकाळी थेंब जिभेखाली धरायचे, दोन मिनिटं, मग गिळायचे. त्या दोन मिनिटांत नेमकं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून काहीतरी विचारणार, मी हाताने थांबा म्हणायचे आणि घड्याळाचा काटा बघत राहायचे. आता त्याच मला आठवण करतात, "थेंब झाले का गं?"

पहिले पंधरा दिवस जिभेखाली आणि कानात आतून खाज यायची, घाबरले होते, पण सुरुवातीला असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दम लागला किंवा घसा सुजला तर मात्र थेंब बंद आणि तडक दवाखाना, हे मी कागदावर लिहून फ्रिजलाच चिकटवलंय. दाढ काढली तेव्हा जखम भरेपर्यंत डॉक्टरांना विचारून बंद ठेवले. बाटली फ्रिजमध्येच लागते, त्यामुळे जळगावला माहेरी जाताना बर्फ घालून डब्यातून नेते.

पाच महिने काहीच फरक नाही, खरं सांगते, सोडायच्या बेतात होते, पैसे पण जातात ना. सोबत गादी-उशांना माइटची कव्हरं घातली, चादरी दर आठवड्याला चांगल्या गरम पाण्यात. चौदावा महिना चालू आहे, यंदाच्या श्रावणात आठवड्याला एखादीच गोळी लागली, आणि मंगळागौरीच्या जागरणात मी रात्रभर खेळले, नाकाला रुमाल न लावता. अजून जवळजवळ दोन वर्षं बाकी आहेत, नवीन बाटली कालच आणून ठेवलीय.