रेघारेघांचं आकाश

फाइन आर्ट्सला असताना जस्ताच्या पत्र्यावर एका ढगाची सावली उतरवायला मला अख्खी दुपार लागली होती. सुईनं एकाशेजारी एक रेघ ओढत जायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये, म्हणजे रेघा कोरल्या जातात. म्हणूनच असेल, कारेल झेमान या चेक दिग्दर्शकाचा १९५८ सालचा ‘विनालेझ स्काझी’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा गोष्ट बाजूला राहिली आणि मी रेघाच बघत बसले. भिंतींवर रेघा, यंत्रांवर रेघा, माणसांच्या कपड्यांवरसुद्धा. ज्यूल व्हर्नच्या जुन्या पुस्तकांतली कोरीव चित्रं जिवंत व्हावीत म्हणून त्या मुद्दाम रंगवलेल्या, आणि त्यांच्यामधून हाडामांसाची माणसं चालतात. पाण्याखाली पाणबुडे सायकलीसारखे पायडल मारत जातात. हे खोटं आहे हे पहिल्या क्षणापासून दिसतं, तरी माझा त्यावर पूर्ण विश्वास बसतो.

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात लहानपणी असंच व्हायचं. भिंतींवर महाभारत, शेजारी मराठे-इंग्रजांची लढाई. रंग उडालेला, खालचा चुना दिसतोय, तरी ते घोडे धावायचे. कुणीतरी हातानं काढलंय हे कळत असलं की मन जास्त जवळ जातं, असं मला वाटतं. हल्लीच्या मोठ्या चित्रपटांत हात कुठे दिसतच नाही, आणि थिएटरबाहेर आल्यावर माझ्याजवळ काही उरत नाही. उलट रेने लालू आणि रोलाँ तोपोर या फ्रेंच जोडीचा १९७३चा ‘ला प्लानेत सोव्हाज’! कागदी आकृत्या कापून, सरकवून केलेला. त्यातले माणसं पाळणारे निळे राक्षस पाहून मी महिनाभर अस्वस्थ होते.

गेल्या रविवारी दांडिया बाजारच्या घरी बाबांना झेमान दाखवला. व्हर्न त्यांनी भा. रा. भागवतांच्या मराठीतून वाचलेला. आमच्या गणपतीची आरास बाबाच करायचे. पुठ्ठ्याच्या लाटा, मागे एक दांडा, तो फिरवायचं काम माझं. पाणबुडे आले तसे ते खुर्चीत पुढे सरकले.

“थांब. मागे घे जरा.”

तीनदा मागे घेतलं. मग बराच वेळ गप्प.

“यंदा मखराच्या मागचं आकाश असं करू,” ते म्हणाले. “रेघा मात्र तू ओढ. माझा हात आता थरथरतो.”

काल मंगळबाजारातून पुठ्ठे आणलेत.