हलगी एका रेषेवर, संबळ दोन रेषांवर: लिलीपाँडमधली आजवरची प्रगती

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की सोलापुरात हलगीचा कडकडाट सुरू होतो. तो लहानपणापासून कानात आहे. तो नीट कागदावर उतरवावा ही इच्छाही जुनीच. सध्या हलगी, संबळ आणि झांज अशा तीन वाद्यांसाठी सहा मात्रांची एक रचना लिलीपाँडमध्ये, म्हणजे मजकुरातून पाश्चात्त्य स्वरलिपी छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहितो आहे. हलगीचा भाग पूर्ण झाला, संबळाचा जवळजवळ झाला. नेहमीच्या पाच रेषांपेक्षा वेगळे स्टाफ (स्वर किंवा आघात मांडायच्या आडव्या रेषा) वापरणाऱ्यांसाठी आतापर्यंतचे काम मांडतो.

पाच रेषांचा स्टाफ उंच-नीच स्वर दाखवण्यासाठी आहे. हलगी शेकून चढवतात, वाजता वाजता ती उतरते, मग पुन्हा शेकतात. तिला ठरलेला स्वर नाही, म्हणून क्लेफचाही (कोणती रेषा कोणता स्वर हे सांगणाऱ्या खुणेचा) उपयोग नाही. माझ्या मते सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर हवे: या वाद्यासाठी कागदावरच्या वर-खालीचा अर्थ काय? हलगीसाठी तो अर्थ म्हणजे कोणती काठी पडली. संबळासाठी, कोणत्या तोंडावर पडली. तबल्यासाठी, पुडीवर हात कुठे पडला. हे ठरले की रेषा किती हव्यात ते आपोआप ठरते. पाच रेषा ठेवून नको त्या पांढऱ्या करण्याची युक्ती बरेच जण वापरतात, ती मला पटत नाही. बारलाइन (आवर्तन तोडणारी उभी रेघ) पाच रेषांच्याच उंचीची राहते आणि स्टाफमधले अंतरही तेवढेच धरले जाते.

हलगीला एक रेषा दिली. बारीक काडीचा आघात रेषेच्या वर, जाड काठीचा खाली, दोन्ही एकदम असतील तर एकाच स्टेमवर (उभ्या काडीवर) दोन नोटहेड (आघाताचे ठिपके). लिलीपाँडच्या मापात रेषा शून्यावर आणि आघात अधिक एक व उणे एकवर, म्हणजे नोटहेड रेषेला टेकून बसतात आणि डोळ्याला लगेच कळतात. बारलाइनची उंची हाताने ठरवून दिली.

खरा विचार करावा लागला तो व्हॉइसचा, म्हणजे एकाच स्टाफवर स्वतंत्र चालणाऱ्या ओळींचा. ड्रम लिहिण्याच्या सवयीप्रमाणे वरच्या आघातांचे स्टेम वर आणि खालच्यांचे खाली, अशा दोन व्हॉइस करता येतात. पण हलगीचा ठेका एका काठीत नसतो. दोन्ही काठ्या एकमेकींच्या मोकळ्या जागा भरतात, तेव्हा तो ऐकू येतो. बाळीवेशीतल्या एका जाणत्या हलगीवादकांनी विलंबित लयीत वाजवून दाखवले, तेव्हा हे फार स्पष्ट झाले. दोन व्हॉइस केल्या की दोन्हीकडे रेस्टच्या (विश्रांतीच्या) खुणांची गर्दी होते आणि ठेका दिसेनासा होतो. म्हणून एकच व्हॉइस, सगळे स्टेम वर, आणि स्टेम जोडणारी आडवी पट्टी, म्हणजे बीम, अखंड. वाचणारा आधी बीमवरून लय पकडतो, मग नोटहेडवरून काठी. या निर्णयावर मी अगदी ठाम आहे.

संबळासाठी लिलीपाँडमधला बोंगोचा तयार तक्ता (कोणता आघात कोणत्या जागी हे सांगणारी यादी) पाया म्हणून घेतला. त्यात रेषांची संख्या दोन केली की त्या एकाच स्टाफ-स्पेसच्या (लगतच्या दोन रेषांमधल्या नेहमीच्या जागेच्या) अंतरावर येतात, आणि लहान-मोठी तोंडे घाईत वाचताना गोंधळ होतो. संख्येऐवजी ‘लाइन-पोझिशन्स’ वापरून रेषा अधिक तीन आणि उणे तीनवर नेल्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लिलीपाँडमध्ये रेषा सरकल्या म्हणून नोटहेड सरकत नाहीत, तक्त्यातले त्यांचे आकडेही बदलावे लागतात. म्युझस्कोअर या दुसऱ्या स्वरलिपी सॉफ्टवेअरची रीत वेगळी. तिथे स्टाफच्या गुणधर्मांत रेषांमधले अंतर वाढवले की नोटहेडही त्या प्रमाणात लांब जातात. नुसता दोन रेषांचा साधा स्टाफ हवा असेल तर म्युझस्कोअर लवकर काम देते. क्लेफ, तालाचे आकडे, लेजर रेषा (स्टाफबाहेरच्या छोट्या रेघा) यांच्यापुढच्या टिकखुणा काढून टाकल्या की झाले. रेषा असमान अंतरावर हव्या असतील तर मात्र लिलीपाँडच.

मधेच रेषांची संख्या बदलायची असेल, तर लिलीपाँडमध्ये आधी ‘स्टॉप-स्टाफ’, मग बदल, मग ‘स्टार्ट-स्टाफ’ असा क्रम लागतो. स्टाफच्या रेषा ही सलग पसरलेली वस्तू आहे, ती सुरू झाल्यावर केलेला बदल तिला लागू होत नाही. झांज अधूनमधूनच वाजते, म्हणून तिच्या रिकाम्या जागी स्टाफच थांबवला आहे. पान एकदम मोकळे दिसते.

तालाचे विभाग दाखवताना संगीतशास्त्रज्ञ भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपी डोळ्यांसमोर होती. तिच्यात आवर्तनावर एक नजर टाकली की सम (पहिली मात्रा) आणि खाली (टाळी नसलेली मात्रा) सापडते. तेच स्टाफवर हवे होते. म्हणून पूर्ण आवर्तनाचा एक बार, तीन मात्रांनंतर तुटक रेघ, आणि वर × (सम) व ० (खाली) या खुणा. तुटक रेघा वादकाच्या ओळीत न घालता स्पेसर-स्वरांच्या (छापले न जाणाऱ्या, फक्त जागा धरणाऱ्या स्वरांच्या) वेगळ्या ओळीत लिहिल्या, त्यामुळे प्रत्येक वाद्याचा मजकूर स्वच्छ राहिला. ‘प्रोपोर्शनल नोटेशन’ सुरू केल्यावर मात्रा समान अंतरावर आल्या आणि तिन्ही वाद्यांचे उभे नाते डोळ्यांना दिसू लागले. हा बदल मला सगळ्यात जास्त आवडला.

ऐकण्यासाठी मिडी (संगणकाने वाजवायची फाइल) काढली. जनरल मिडीत, म्हणजे तिच्या वाद्यांच्या ठरलेल्या यादीत, हलगी नाही. दहाव्या चॅनेलवर बारीक काडीला ६५ (उंच टिंबाले) आणि जाड काठीला ६६ (खालचा टिंबाले) दिला. नाद हलगीचा नाही, पण लय तपासायला पुरतो.

आता तबल्याचा स्टाफ आखतो आहे. वर तीन रेषा जवळजवळ: चाट (कड), लव (मधला भाग), शाई. मग मोठी मोकळी जागा, आणि खाली डग्ग्याच्या दोन: ‘गे’ आणि ‘के’. म्हणजे ‘धा’ लिहिताना चाटेवर आणि ‘गे’वर एकाच स्टेमचे दोन नोटहेड येतील, आणि दोन हात दोन गटांत वेगळे दिसतील. डग्ग्याच्या घसीटीसाठी (हात घासून नाद सरकवण्यासाठी) तिरकी ग्लिसांडो रेघ, म्हणजे सरकता स्वर दाखवणारी रेघ, लावून पाहतो आहे. पण ‘गे’च्या एकाच रेषेवर ती कुठून कुठे न्यावी हे अजून ठरत नाही. कुणी डग्ग्याची अशी घसीट (मींड) अशा स्टाफवर लिहिली असेल, तर रेघेचे दुसरे टोक कुठे ठेवले ते जरूर सांगा.