नऊ महिन्यांचा गुडघा

आवाज मला स्पष्ट ऐकू आला. वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर धरून मोडावी, तसा. पुढच्या क्षणी मी जमिनीवर होते आणि समोरची पोरगी गोल करून नाचत होती.

एप्रिल 2024 संपत आला होता. मी परराज्यातल्या एका क्लबकडून सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळत होते, महिला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीत. आमचा संघ गटातच गारद झाला, करार मे अखेरपर्यंत होता, पण खेळायला सामनाच उरला नव्हता. म्हणून नागपूरला घरी आले. कामठी रोडच्या बाजूला एका मुरमाच्या मैदानावर सात-सातची स्पर्धा होती, रात्री लाइट लावून. मैत्रिणीचा फोन आला, "ये ना, डिफेन्सला कोणीच नाही." एका मॅचचे दीड हजार. गेले.

नंतर जो भेटला त्याचा पहिला प्रश्न हाच, "कोणी पाडलं?" कोणीच नाही. ती विंगवरून आत वळली, मी उजवा पाय रोवला, अंग वळलं आणि बूट मुरमात अडकून तिथंच राहिला. खरं तर मी तिच्यावर तुटून पडायलाच नको होतं. डिफेंडरला पहिल्या दिवसापासून हेच घोकवतात: बॉलवर झेप टाकू नको, अंगाने तिला बाहेरच्या बाजूला ने, चूक तिला करू दे. दीड हजाराच्या मॅचमध्ये कोण बघतंय, म्हणून मी झेप टाकली.

घरी पोचेपर्यंत गुडघ्याचं टरबूज झालं होतं. आईने हळद-चुना लावला. सकाळी बाबा ओळखीच्या मालिशवाल्याकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "लचक आहे जी, तीन दिवसांत पळते पोरगी." तीन दिवस त्याने तो गुडघा असा रगडला की तिसऱ्या दिवशी मी ओरडून शेजारपाजार गोळा केला. दहा-बारा दिवसांनी सूज उतरली, चालता यायला लागलं, आणि मी शहाणी 'बघू तर' म्हणून मैदानावर गेले. सरळ पळाले, काही नाही. वळले, तर मांडी एकीकडे आणि नडगी दुसरीकडे, अशी सटकली. ही खूण लक्षात ठेवा. सरळ चालताना सगळं ठीक आणि वळताना गुडघा दगा देतोय, दुखापतीनंतर तासा-दोन तासांत गुडघा फुगला होता, तर ती लचक नसते. मालिश करू नका, डॉक्टरकडे जा.

डॉक्टरांनी गुडघा थोडासा वाकवून एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. आधी डाव्या पायाची, मग उजव्या. डावीला शेवटी 'टक' करून काहीतरी अडत होतं. उजवी अडतच नव्हती. ते मलाही कळलं, डॉक्टरांनी बोलायच्या आधी. एमआरआयमध्ये तेच आलं: एसीएल पूर्ण तुटलेला. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली इंच-सव्वा इंचाची दोरी, पण वळताना सगळा भार तिच्यावर. ती सहसा आपली आपण जुळत नाही. आपल्याच मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून, हाडांत बोगदे पाडून, तिच्या जागी बसवतात. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "बैठं काम असतं तर व्यायामावर भागवा म्हटलं असतं. तुला वळायचंय ना? मग करावं लागेल."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या दोन-तीन पट दिसते. उडी मारून उतरताना आपला गुडघा आत पडतो, मांडीमागचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमी पडतात. शरीराची ठेवण असतेच, पण मुलींना ताकदीचा व्यायाम कोणी शिकवत नाही आणि मैदानं अशी, हेही कारण. 2023 च्या वर्ल्डकपला इंग्लंडची कर्णधार लीआ विल्यमसन याच दुखापतीने मुकली, बेथ मीड मुकली, नेदरलँड्सची मिडेमा मुकली. विल्यमसन तर माझ्यासारखी डिफेंडर. ती बातमी मी वर्षभर आधी फोनवर वाचली होती आणि अंगठ्याने वर ढकलून दिली होती.

क्लबला फोन केला. मॅनेजरने विचारलं, "मॅच आमची होती का?" करार अकरा पानांचा, इंग्रजीत. मी त्यातलं फक्त पैशाचं पान वाचलं होतं. सातव्या पानावर स्पष्ट होतं: क्लबच्या सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर खर्च क्लबचा, परवानगीशिवाय बाहेर खेळल्यास नाही. म्हणजे चूक माझीच. त्याबद्दल तक्रार नाही. राग आला तो याचा, की त्याच संध्याकाळी मला संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. कशी आहेस, एवढं विचारून काढलं असतं तरी चाललं असतं. भारतीय फुटबॉल फेडरेशनने 2023 मध्ये नियम केला होता, वर्षाला किमान 3 लाख 20 हजारांचा करार, पण तो वरच्या श्रेणीच्या संघांना आणि तिथंही किमान दहा जणींपुरता. खालच्या श्रेणीत ज्याला जे पटेल ते. मला महिन्याला पंधरा हजार मिळत होते आणि त्यातही मी खूश होते.

ऑपरेशन, एमआरआय, औषधं, पट्टा धरून 1 लाख 70 हजार झाले. बाबांनी पतसंस्थेतून काढले. मला न सांगता. मला पासबुक दिसलं तेव्हा कळलं.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कमरेत सुई, खालचं अंग बधिर, पडद्याच्या पलीकडे ड्रिलचा आवाज. सुताराकडे बसल्यासारखं वाटतं. खरी गोष्ट घरी आल्यावर सुरू झाली, आणि घरी आले तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला चार दिवस होते. नागपूरकरांना यापुढे सांगायला नको. वरची खोली, पत्र्याचं छत, कूलर गरम हवा फेकतोय, पायाला पट्टा, आणि दर दोन तासांनी बर्फ लावायचा. फ्रीजचा बर्फ पुरेना. भाऊ कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणायचा. त्या रसवंतीवाल्याने महिनाभर पैसे घेतले नाहीत. "ताई खेळाले लागली की पास द्या म्हणजे झालं," म्हणे. आमच्या मॅचला पास नसतात, फुकट असते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

पहिले दोन आठवडे दोनच कामं. एक, गुडघा वाकवणं. फिजिओ मॅडमनी युक्ती सांगितली: स्टीलच्या ताटात टाच ठेवायची, फरशीवर पावडर टाकायची आणि ताट हळूहळू आपल्याकडे ओढायचं. आमच्या घरात जेवणाचं एक ताट कायमचं बाद झालं त्यात. दुसरं काम दिसायला सोपं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सरळ पडू द्यायचा. हेच जास्त दुखतं आणि हेच लोक टाळतात. मॅडम म्हणायच्या, "वाकणं उशिरा आलं तरी येतं. सरळ होणं राहून गेलं तर लंगडशील."

आणि मांडी. पुढची मांडी आवळ म्हणायचे आणि मी आवळायची, पण काही हलायचंच नाही. पाय दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. दिवसभर मी मांडीकडे बघत बसायची. नवव्या दिवशी गुडघ्याच्या वाटीच्या वरचं मांस जरासं थरथरलं. आई शेंगा सोलत बसली होती, ती ओरडली, "हाललं! हाललं ना वो!" बाबा खालून धावत आले, त्यांना वाटलं मी पडले.

नऊ महिने लागतील म्हटल्यावर याच आईने आधी कपाळावर हात मारला होता. "नऊ महिने? त्यात तर लेकरू होते बाई."

जूनपासून मेट्रो. इंदोऱ्याहून सीताबर्डी, तिथं गाडी बदलून शंकरनगर, आठवड्यातून तीनदा. कुबड्या असताना लोक जागा देत. कुबड्या सुटल्यावर मी धडधाकट दिसायला लागले, तेव्हा लिफ्टसमोर उभी राहिले की म्हातारी माणसं माझ्याकडे रागाने बघत. दवाखान्यात सायकलवर पहिला पूर्ण फेरा झाला त्या दिवशी मी खाली उतरून दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले. दर पंधरा दिवसांनी मॅडम टेपने मांडी मोजायच्या, वाटीपासून चार बोटं वर. उजवी डावीपेक्षा 3 सेंटिमीटर बारीक. माझी जुनी जीन्स एका पायात सैल व्हायची.

अडीच महिन्यांनी मी पुन्हा घाई केली. दुखत नव्हतं, चालणं बरोबर होतं, जिना जमत होता. गल्लीतली पोट्टी खेळत होती, बॉल माझ्याकडे आला, मी नालीवरून उडी मारून तो अडवला. संध्याकाळी गुडघा पुन्हा फुगला. मॅडम सहसा आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं: बसवलेला स्नायूबंध आधी मऊ पडतो, मग महिनोन्‌महिने घेऊन लिगामेंटसारखा, म्हणजे मूळच्या दोरीसारखा, होत जातो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो सगळ्यात कच्चा असतो आणि नेमकं तेव्हाच दुखणं गेलेलं असतं. थोडक्यात, पाय तुम्हाला खोटं सांगतो. माझं नशीब, नुसती सूज होती. तरी तीन आठवडे मागे गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती बघायला आई मला मुद्दाम घेऊन गेली. काळी आणि पिवळी मारबत समोरून जाताना सगळे ओरडतात, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'. आई ओरडली, "गुडघ्याची पिडा घेऊन जा गे!" गर्दीतल्या दोघी-तिघींनी वळून बघितलं. एका आजीने तिच्याही गुडघ्याचं त्यातच घालायला सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये मी सरळ रेषेत धावायला लागले होते, एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. त्याच महिन्याच्या 17 तारखेला काठमांडूला आशालता देवी भारतासाठी शंभरावा सामना खेळली. शंभर गाठणारी ती भारताची पहिली बाई, आणि तीही डिफेंडर. पेपरात चार ओळी आल्या. मी त्या चार ओळी कापून वहीत चिकटवल्या. स्ट्रायकर असती तर अर्धं पान आलं असतं, असं मला वाटतं, आणि हे माझं डिफेंडरांचं जुनं रडगाणं आहे, ते सोडून द्या.

खरी परीक्षा जानेवारीत. जमिनीवर टेप लावून एका पायावर उडी: एक लांब, मग सलग तीन, मग आडव्या-तिडव्या. उजवा पाय डाव्याच्या किमान 90 टक्के यायला हवा. मांडीची ताकदही तेवढीच. आठव्या महिन्यात माझे 84 आले. मी म्हटलं, "मॅडम, सहाच तर कमी आहेत." त्या म्हणाल्या, "नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा तुटायची शक्यता किती तरी वाढते. तुला पुन्हा ते ताट ओढायचंय का?" ताटाचं नाव काढल्यावर मी गप्प. फेब्रुवारीच्या शेवटी 93 आले. मॅडमनी कागदावर सही केली आणि बजावलं की हा कागद गुडघ्याचा आहे, डोक्याचा नाही.

ते खरं होतं. सराव मी पंधरा वर्षांखालच्या मुलांसोबत सुरू केला. हेडर, लांब पास, धाव, सगळं आलं. पण समोरचा आत वळला की माझा उजवा पाय जमिनीवर पडायच्या आधी विचार करायचा. अर्धा सेकंद. सर लांबून ओरडायचे, "काहून थांबून राहिली बे?" मग मी दुसरा रस्ता काढला: वळावंच लागू नये इतकं आधी उभं राहायचं. तो कुठे जाणार हे त्याच्या खांद्यावरून, कमरेवरून ओळखायचं, दोन पावलं मागे राहायचं. वेग थोडा गेला. पण पूर्वी मॅचमध्ये आठ-दहा वेळा घसरून टॅकल करायची, ते दोन-तीनवर आलं.

जुलै 2025 मध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवून महिला आशियाई चषकाची पात्रता मिळवली, तेव्हा मी मैदानातल्या मुलींसोबत फोनवर तुकड्या-तुकड्यांत ती मॅच बघत होते. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मुली गोलवर नाचत होत्या आणि मी शेवटची दहा मिनिटं आपली डिफेंडर स्वीटी देवी कुठे उभी राहते तेवढंच बघत होते.

त्यानंतर दुसऱ्या एका क्लबची ट्रायल दिली, निवड झाली, करार आला. या वेळी नऊ पानं. चुलतभाऊ कोर्टात वकिली करतो, त्याच्याबरोबर बसून ओळ न् ओळ वाचली. दुखापतीचं कलम होतं, पण खर्च कोण करणार आणि पगार किती दिवस चालू राहणार हे नव्हतं. मी फोन करून विचारलं. पलीकडचे साहेब हसले. म्हणाले, खेळायच्या आधीच पडायचं बोलतेस? मी म्हटलं, सर, मी पडून आले आहे. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळ वाढवून आली, उपचाराचा खर्च आणि तीन महिन्यांचा पगार. आकडा मात्र ठरल्यापेक्षा हजाराने कमी करून. सही केली.

आता सराव सुरू झालाय. रोज आधी वीस मिनिटं फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा दुखापती टाळायचा वॉर्मअप करते. धाव, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघा आत न पडू देता उतरणं. इतर मुली कंटाळतात. माझ्या खोलीतली मुलगी एकोणीस वर्षांची आहे, ईशान्येकडची, वाऱ्यासारखी पळते. परवा रात्री तिने माझ्या गुडघ्यावरची खूण बोटाने चाचपून बघितली. मग सहज म्हणाली, दिवाळीत गावी जातेय, तिथं सात-सातची स्पर्धा आहे, एका मॅचचे दोन हजार देतात.

मी तिला म्हटलं, आधी तुझा करार आण. सातवं पान बघू.