त्यांचं वादळ, आपला दुष्काळ

इकडे इंग्लंडात भांडत-प्रेम करत चाललेल्या संसाराला पेपरवाले हमखास एक शब्द लावतात: टेम्पेस्च्युअस. डिक्शनरीत अर्थ मिळतो 'वादळी'. तेवढ्यावर भागत नाही.

आधी उच्चार. 'टेम्पेस्ट' या नामात जोर 'टेम'वर, विशेषणात तो 'पेस'वर सरकतो. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो, म्हणून समोरचा "सॉरी?" करतो. दुसरी चूक म्हणजे टेम्पर या शब्दाशी गल्लत. चटकन चिडणाऱ्या तापट माणसाला 'हॉट-टेम्पर्ड' म्हणतात. टेम्पेस्च्युअसमध्ये राग असतोच, पण ओढ, रुसवा, पुन्हा जवळ येणंही असतं, आणि हे सगळं बरेच दिवस चालावं लागतं. एका दिवसाच्या भांडणाला हा शब्द शोभत नाही. खऱ्या वाऱ्यालाही आता तो फारसा लावत नाहीत, पुस्तकी वाटतो. हवामान खात्याच्या सागरी अंदाजात वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर 8 म्हणजे 'गेल' (सोसाट्याचा वारा) आणि 10 म्हणजे स्टॉर्म. टेम्पेस्ट तिथं नाही.

मुळाशी लॅटिन 'टेम्पुस' आहे, म्हणजे काळ. टेम्पररी त्यातलाच. त्यावरून 'टेम्पेस्तास': आधी काळाचा तुकडा, हंगाम, मग हवामान, बरंवाईट कसलंही, शेवटी नुसतं वाईट, म्हणजे वादळ. जुन्या फ्रेंचमधून 13व्या शतकात तो इंग्रजीत आला, आणि पुढं मनातल्या खळबळीलाही लागू झाला. फ्रेंचांचा काळ आणि हवामान अजून एकाच शब्दात, 'तां'मध्ये, नांदतात.

काळाचं वादळ कसं झालं, हे बीड-लातूरकडं समजावून सांगावं लागू नये. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी उभी ज्वारी झोपवली, तो पाऊस 'अवकाळी'च. मॉन्सूनसुद्धा अरबी 'मौसिम', म्हणजे हंगाम. गंमत अशी, की बिघडलेल्या काळाला लॅटिननं वादळ केलं आणि आपण पाणीच नसलेला 'दुष्काळ'. 1972 पाहिलेल्यांना नुसतं 'बहात्तर' म्हटलं तरी पुरतं.

भाषांतर करताना बैठकीला किंवा सभेला 'वादळी' खुशाल वापरा, मराठी पेपरांत ते रुळलंय. नवरा-बायकोच्या नात्याला मात्र 'घडीत आभाळ, घडीत ऊन' जास्त जवळचं.