तुम्ही विचारलंत म्हणून: घरी दहावी करायची, तर वर्ष आखायचं कसं?

"मुलाला शाळेतून काढलंय, आता दहावी घरूनच करायची. वर्षाचं वेळापत्रक कसं लावू?" हा प्रश्न नागपुरात धरमपेठेतून येतो, मानेवाड्यातून येतो, कामठीहूनही येतो. विचारणाऱ्या आईबाबांनी बहुतेक वेळा एक तक्ता आधीच करून ठेवलेला असतो. आठ ते साडेआठ मराठी, साडेआठ ते नऊ इंग्रजी, मग दहा मिनिटांची सुट्टी, आणि श्रीगणेशा जूनच्या शेवटच्या आठवड्यात, कारण विदर्भातल्या शाळा तेव्हा उघडतात.

हा तक्ता पंधरा दिवस टिकतो. शाळेची तासिका अर्ध्या तासाची असते ती पन्नास मुलं आणि आठ शिक्षक फिरते ठेवण्यासाठी. घरी एकच मूल असतं. त्याला गणितात शिरायलाच वीस मिनिटं लागतात आणि तिसाव्या मिनिटाला तुम्ही वही बंद करायला सांगता. घरी दिवसाला दोन, फार तर तीन विषय आणि प्रत्येकाला सलग दीड तास, एवढं पुरे.

पण तक्त्याच्या आधीचा प्रश्न परीक्षेचा आहे. घरी शिकणाऱ्यांसाठी नागपुरात मुख्यतः दोन वाटा वापरात आहेत. एक राज्य मंडळाची, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं. पुस्तकं बालभारतीची, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन तापायच्या आत. हे दोन्ही फायदे खरे, पण सगळे विषय एकाच दमात द्यावे लागतात. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, लोक जिला ओपन बोर्ड म्हणतात. तिथे विषय तोडून देता येतात. शाळेची लय सुटलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ही मोकळीक मोलाची असते, म्हणून पुढचं सगळं ओपन बोर्ड धरून सांगतो.

वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, त्यात किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा घेतलेली नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात ९ संधी मिळतात. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात. लेखीत चांगले गुण पडले म्हणून प्रात्यक्षिकाची कसर भरून निघत नाही. नेमका हाच नियम घरच्या मुलांना नडतो.

आता नागपूरची गोष्ट. एनआयओएसचे बहुतेक लेखी पेपर दुपारी अडीचला सुरू होतात. एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारी अडीच म्हणजे काय, हे सीताबर्डीच्या रस्त्यावर उभं राहून एकदा अनुभवलेल्या माणसाला सांगायला नको. पाचही पेपर एप्रिलमध्ये लावले की मूल पाच दुपारी त्या उन्हात जाणार, सगळा अभ्यास एकदम डोक्यावर घेऊन. म्हणून आमची शिफारस ठरलेली आहे: प्रवेश सप्टेंबरमध्ये उघडणाऱ्या दुसऱ्या सत्रात, जानेवारीअखेरपर्यंत घ्या. त्यावर पहिली परीक्षा पुढच्या ऑक्टोबरमध्ये मिळते. त्या ऑक्टोबरमध्ये मराठी, इंग्रजी आणि सामाजिक शास्त्र द्या, आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये गणित आणि विज्ञान. एप्रिलचा निकाल बहुधा जूनच्या सुमारास लागतो, म्हणजे अकरावीच्या प्रवेशाची गाडीही चुकत नाही. प्रवेशाच्या तारखा दर वर्षी पुढेमागे सरकतात, त्या संकेतस्थळावर बघून घ्या.

या हिशोबात वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि चौदा महिन्यांचं होतं. ते ऐकून लोक बिचकतात. तास मोजले की भीती कमी होते.

फेब्रुवारी ते सप्टेंबर हे ३४ आठवडे. त्यातले ८ सरळ वजा करा. मे महिन्यातली लग्नं आणि गावची चक्कर, दोन आजारपणं, पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आणि तान्हा पोळा, मग गणपती आणि महालक्ष्म्या. ज्या घरी महालक्ष्म्या बसतात तिथे त्या आठवड्यात कोणी गणित सोडवत नाही, आणि सोडवावं अशी अपेक्षाही नको. उरले २६ आठवडे. रोज ४ तास, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे ५२० तास. आठवड्याच्या २० तासांची वाटणी अशी करा: गणित ६, विज्ञान ४, सामाजिक शास्त्र ४, इंग्रजी ३, मराठी ३. ऑक्टोबरमध्ये गणिताचा पेपर नसला तरी गणित चालूच ठेवायचं, कारण आठ महिने बाजूला ठेवलेलं गणित नोव्हेंबरमध्ये पहिल्या पानापासून काढावं लागतं. दिवाळीनंतर मार्चअखेरपर्यंत साधारण २० आठवडे, त्यातले ४ सोडा. १६ आठवडे फक्त गणित आणि विज्ञान, आठवड्याला प्रत्येकी १० तास. दोन्ही टप्पे मिळून गणिताला ३१६ तास आणि विज्ञानाला २६४. दहावीच्या गणितात अडकलेल्या मुलालाही एवढे तास कमी पडत नाहीत.

दर सहावा आठवडा कोरा ठेवा. त्यात नवा धडा घ्यायचा नाही, राहिलेलं उरकायचं. ज्यांच्या तक्त्यात कोरा आठवडा नसतो त्यांचा तक्ता मारबतीपर्यंत जेमतेम तग धरतो.

उन्हाळ्याचं वेगळं. पंधरा एप्रिल ते पंधरा जून अभ्यास सकाळी सहा ते नऊ. तिसरा तास संपायच्या आधीच खोली तापायला लागते. दुपारी कूलरसमोर बसून पाठांतर करायचा हट्ट सोडा. कूलरच्या घरघरीत कानावर काही पडत नाही, पानं उडतात ती वेगळीच. हे तीन तास आणि एरवीचे चार यातला फरक कोऱ्या आठवड्यात आपोआप भरून निघतो. मात्र परीक्षेच्या एप्रिलआधी, म्हणजे मार्चमध्ये, याच्या उलट करायचं. आठवड्यातून दोन दिवस दुपारी अडीच ते साडेपाच सराव पेपर, तोही कूलर बंद करून. वर्षभर सकाळी अभ्यास केलेल्या मुलाला दुपारी साडेतीनला पेंग येते, ती पहिल्यांदा परीक्षाकेंद्रावर यायला नको.

आता अभ्यासक्रम. एनआयओएसने प्रत्येक विषयाचे धडे दोन भागांत वाटलेत. साधारण ४० टक्के धडे टीएमएसाठी, म्हणजे घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांसाठी, आणि उरलेले ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. पुस्तकावर हे दिसेलच असं नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी विभागणीची यादी उतरवून घ्या आणि अनुक्रमणिकेवर दोन रंगांनी खुणा करा. न केल्यास मूल परीक्षेला न येणाऱ्या धड्यांवर महिना घालवतं. टीएमएचे गुण लेखीच्या २० टक्के धरले जातात आणि ते हातचे असतात. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी टीएमए जुलैअखेर, एप्रिलसाठी जानेवारीअखेर. तारीख कधी कधी वाढते, पण वाढेल म्हणून थांबू नका. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक जागा जिथे चांगलेचांगले पालक घसरतात: प्रवेशशुल्क भरलं म्हणजे परीक्षेचं शुल्क भरलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, काही महिने आधी करावी लागते, आणि विषयागणिक पैसे लागतात. प्रात्यक्षिकाचे विषय असतील तर त्याचे वेगळे. कॅलेंडरवर तांबड्या पेनाने लिहा.

विज्ञानाला १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि गणितालाही थोडे आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अभ्यासकेंद्रावरचे प्रात्यक्षिकाचे वर्ग चुकवू नका, पण फक्त त्यावर विसंबूही नका. तिथे गर्दीत मुलाच्या हाती उपकरण क्वचित येतं. घरी बरंच करता येतं. ओहमचा नियम घ्या. १०० ओहमचा रेझिस्टर, दीड व्होल्टचे तीन सेल, सेल बसवायचा डबा, चार वायरी आणि एक साधा मल्टिमीटर. एका सेलवर १५ मिलिअँपिअर, दोनांवर ३०, तिघांवर ४५ च्या आसपास प्रवाह मिळतो आणि आलेख सरळ येतो. पुष्कळ जण १० ओहमचा रेझिस्टर आणतात, कारण आकडे मोठे दिसतात. तीन सेलवर त्यातून ०.४५ अँपिअर जातो, म्हणजे दोन वॉट उष्णता, आणि पाव वॉटचा तो बिचारा रेझिस्टर हात भाजेल इतका तापतो. तापला की त्याचा रोध बदलतो आणि आलेख वाकतो. नव्या सेलचा दाब दीड व्होल्टपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून तोही मोजून लिहायचा, छापलेला धरायचा नाही. आणि मल्टिमीटर प्रवाहाच्या खुणेवर ठेवून थेट सेलला लावला की आतला फ्यूज उडतो. हे एकदा होणारच, म्हणून फ्यूज दोन जास्तीचे आणा.

आम्ल-आम्लारीसाठी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद चालतो, पण तो फक्त आम्लारी ओळखतो. लिंबू टाकलं तरी तो पिवळाच. शिवाय खायच्या सोड्याने त्याचा रंग धड बदलत नाही, आणि मग मूल म्हणतं प्रयोग फसला. चुन्याची निवळी किंवा धुण्याचा सोडा घ्या, लगेच लालसर होतो. दोन्ही बाजू दाखवायच्या तर जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क वापरा, तो आम्लात गुलाबी आणि आम्लारीत हिरवट जातो. प्रयोगवही त्याच दिवशी लिहायची, आकृती पेन्सिलने. मार्चमध्ये एका बैठकीत उतरवलेली वही परीक्षकाला पहिल्या पानावरच कळते.

सामाजिक शास्त्राला पुस्तकाबाहेर जायचं, आणि नागपूरसारखं गाव त्यासाठी शोधून सापडायचं नाही. असहकाराचा धडा आला की १९२० चं काँग्रेसचं अधिवेशन इथेच झालं, १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथलाच. संस्थानं खालसा करण्याचं धोरण आलं की १८५४ ला भोसल्यांचं राज्य गेलं ते सांगा, आणि १८१७ ची लढाई ज्या टेकडीवर झाली तो सीताबर्डीचा किल्ला रोज बसमधून दिसतो हेही. दख्खनचं पठार शिकताना सेमिनरी हिल्सचा काळा बसाल्ट हातात द्या, आणि कोळशाच्या खडकांशी नातं सांगणाऱ्या एका खडकगटाला भूशास्त्रात कामठीचंच नाव आहे हे कामठीच्या पोट्ट्यांना जरूर सांगा. अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, आणि रमण विज्ञान केंद्र यांना एकेक सकाळ द्या, पण अजब बंगल्याची सकाळ डिसेंबरात ठेवू नका. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्चांनी आणि बंदोबस्ताने अडलेले असतात. ते बघायचं असेल तर तेच बघायला जा, विधिमंडळाचा धडा तसाही शिकवायचाच आहे.

भाषांवर फार बोलत नाही, कारण तिथे घरची मुलं सहसा बरी असतात. अडतात ती लिहिण्याच्या वेगात. शाळेत रोज फळ्यावरून उतरवून हात तयार होतो, घरी सगळं तोंडी चालतं. तीन तासांत १०० गुण, त्यातली वीस मिनिटं तपासायला ठेवली तर एका गुणाला दीड मिनिटाहून जरासंच जास्त, म्हणजे पाच गुणांच्या उत्तराला आठ मिनिटं. मे महिन्यापासून आठवड्याला एक उत्तर घड्याळ लावून, ऑगस्टपासून आठवड्याला अर्धा पेपर, सप्टेंबरमध्ये पूर्ण पेपर. पहिले दोन पेपर अपुरे राहतात. ओरडू नका, कोणता प्रश्न किती मिनिटं खाऊन गेला ते समासात लिहा.

एखादा विषय एप्रिलला राहिलाच, तर पुढचा ऑक्टोबर आहे, आणि निवडक केंद्रांवर मागणीनुसार, म्हणजे तारीख आपण मागून घ्यायची अशी, परीक्षाही असते. फक्त पहिल्यापासून तीच धरून चालू नका, मूल मग प्रत्येक तारीख पुढे ढकलायला शिकतं.

राहिले कागद. आधीच्या शाळेचा दाखला मूळ प्रतीत जपून ठेवा. पुढे जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला त्यावरच्या नोंदी लागतात. नावाचं स्पेलिंग दाखल्यावर, आधारवर आणि ओपन बोर्डाच्या फॉर्मवर अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते प्रवेश घेण्याआधी बघा, गुणपत्रिका छापून आल्यावर दुरुस्तीला महिने जातात. निकालानंतर एनआयओएस गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र देतं. अकरावीला शाळा सोडल्याचा दाखला मागतात तेव्हा तेच दाखवायचं. त्याच्या चार झेरॉक्स काढून एकाच फाइलीत ठेवा, आणि मूळ प्रत कॉलेजात जमा करण्याआधी पोच घ्या.