पावसात पक्षी बघायला जॅकेट घेतलं आणि तीन आठवडे "तो घाम आहे" हेच ऐकलं, माझा अनुभव

आधीच सांगते, जॅकेट निवडायला मला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो घेतलेलं जॅकेट आतून ओलं होतंय हे समोरच्याला पटवण्यात. तो राग अजून पूर्ण गेलेला नाहीये म्हणून लिहायला बसलेय.

मला पाऊस-वाऱ्यातच पक्षी बघायला जायला आवडतं. पाऊस जरा थांबला की पक्षी उघड्या फांदीवर येऊन पंख झटकत, चोचीने पिसं नीट करत बसतात, तेव्हा जे बघायला मिळतं ते कोरड्या दिवशी नाही मिळत. पण त्या दहा मिनिटांसाठी दोन दोन तास एका जागी उभं राहावं लागतं. ट्रेकिंगवाल्यांचं आणि आपलं इथेच वेगळं होतं, ते चालून चालून गरम होतात त्यामुळे त्यांना घामाची वाफ बाहेर जायला हवी, आपण हलत नाही म्हणून गारठतो, आपल्याला आत जाड काहीतरी मावायला हवं. म्हणून फ्लीस (आतला मऊ, जाड उबदार थर) अंगात घालूनच ट्राय करा आणि वाटलं तर एक साइज मोठं घ्या.

मी घेतलं ते थ्री लेयर (बाहेरचं कापड, मधला पाणी अडवणारा पडदा आणि आतलं अस्तर, तिन्ही एकत्र चिकटवलेले), सगळ्या शिवणी आतून टेप केलेल्या, लेबलवर 20,000 मिमी. या आकड्याचा अर्थ असा की कापडावर तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब दिला तरी पाणी आत येत नाही. मला वाटलं आता विषय संपला. पण हा आकडा कापडाचा असतो, अख्ख्या जॅकेटचा नाही. बाह्या, गळा, चेन, हूड जिथे जोडलंय ती शिवण, यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

पहिल्या दोन वेळा मस्त. तिसऱ्या वेळी धो धो पावसात तासाभराने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत आतून ओल्या आणि उजव्या खांद्यावर गार गार लागायला लागलं. घरी येऊन लगेच जॅकेट विकणाऱ्या कंपनीकडे तक्रार टाकली, फोटोही जोडले. उत्तर आलं, हे पावसाचं पाणी नाही, तुमचा घाम आहे, वाफ आत साचते. अहो मी थंडीत कुडकुडत एका जागी उभी होते, कोपरापर्यंत ओल होण्याइतका घाम कुठून येणार? तसं लिहून पाठवलं तर पुन्हा तेच उत्तर, शब्द न शब्द तोच. फोन केला की दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून सगळं सांगायचं, कधी घेतलं, किती वेळा वापरलं, कसं धुतलं. मग म्हणाले तपासणीला पाठवा. पाठवलं. बारा दिवसांनी परत आलं, सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही. काय तपासलं, कसं तपासलं, एक ओळ नाही. आणि या सगळ्यात कुणी एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही हे घालून करता काय. हाच प्रश्न महत्त्वाचा होता! तोवर पावसाळी हवेचे चांगले दिवस निघून चालले होते आणि मी खिडकीतून बघत बसलेली, त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला.

शेवटी मीच तपासायचं ठरवलं. आत राखाडी सुती टीशर्ट घातला (राखाडीवर ओल लगेच काळपट दिसते, पांढऱ्यावर कळत नाही), वर जॅकेट, आणि शॉवरखाली उभी राहिले. हात खाली सोडून पाच मिनिटं, बाह्या कोरड्या. मग दुर्बीण डोळ्याला लावतो तसे हात वर धरले, आणि मिनिटभरात मनगटातून पाणी आत शिरून सरळ कोपरापर्यंत उतरलं. आपण अर्धा वेळ असेच तर उभे असतो. म्हणजे बाह्यांचा दोष कापडाचा नव्हताच, मनगटाचा वेल्क्रो मी नीट आवळत नव्हते. पण खांद्याचा होता. जॅकेट उलटं करून बघितलं तर हूडच्या शिवणीवरची टेप बोटभर लांबीची सुटलेली, तिथूनच पाणी येत होतं. हे सगळं व्हिडिओ काढून पाठवलं, आणि दोन दिवसांत बदलून द्यायला तयार झाले. तीन आठवडे जे झालं नाही ते दीड मिनिटाच्या व्हिडिओने झालं. मला स्वतःचा खूप अभिमान वाटला हे लपवत नाही. तुम्हीही नवीन जॅकेट आणलं की पहिल्याच दिवशी ही शॉवर टेस्ट करा, हात वर करून, बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत.

घामाचं म्हणणं अगदीच खोटं नसतं हेही नंतर कळलं. नव्या जॅकेटवर पाण्याचे मणी होऊन ओघळतात ते वरच्या कोटिंगमुळे. सॅकचा पट्टा, दुर्बिणीचा पट्टा घासून ते कोटिंग तिथे आधी जातं, मग वरचं कापड पाणी पितं, वाफ बाहेर जात नाही आणि आतून दमट लागतं. कापड फाटलेलं नसतं, गळतही नसतं. अशा वेळी लेबल बघून धुवायचं, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये कमी तापमानाला फिरवायचं, उष्णतेने कोटिंग पुन्हा जागं होतं. हल्लीच्या फ्लोरिनमुक्त कोटिंगवर तेलकटपणा लवकर बसतो, त्यामुळे गळ्याशी, हूडच्या कडेला सनस्क्रीन वगैरे लागलं की जास्त वेळा धुवावं लागतं.

अरे हो, आवाज! हा मुद्दा आधीच लिहायला हवा होता. दुकानात बाही कानाजवळ चोळून बघा. कडक कापड चुरचुर वाजतं, पक्षी उडतो ते आहेच पण आपल्यालाही त्याची बारीक शीळ ऐकू येत नाही. मऊ, न वाजणारं वरचं कापड बरं पडतं. हूड डोक्याबरोबर वळायला हवा, नाहीतर मान वळवली की अर्धं जग हूडच्या अस्तरात. मी आत पुढे छज्जा असलेली टोपी घालते आणि भुरभुर असेल तर हूड खालीच ठेवते, कान मोकळे राहतात. लांबी कमरेखाली हवी, ओल्या दगडावर बसता येतं. आणि दुर्बीण जॅकेटच्या आत उबेला ठेवू नका, आत आयपीसच्या (डोळ्याकडच्या) काचेवर तुमच्याच अंगाची दमट वाफ बसते. मी छातीवर वरच ठेवते, आयपीसवर रेनगार्ड (पावसापासूनचं झाकण) लावून.

बदलून मिळालेलं जॅकेट घालून परवा गेले होते. दीड तास पाऊस, वेल्क्रो आवळलेला, आत तोच राखाडी टीशर्ट. समोर खंड्या पाण्यावरच्या फांदीवर भिजत बसला होता आणि मी हात वर धरून त्याला बघत होते. घरी आल्यावर पहिल्यांदा बाह्या उलट्या केल्या. डाव्या मनगटाशी रुपयाएवढा डाग, बाकी सगळं कोरडं.